पावणेचार मिलिमीटरचे रेघोबा

आमच्या छापखान्यात एकतीस माणसं होती आणि रेघोबांच्या मते त्यातली तीस मूर्ख होती. हे मत त्यांनी कधी लपवून ठेवलं नाही. उलट त्याची नीट प्रतवारी लावलेली होती. मालक हा मनाने चांगला मूर्ख. यंत्रावरचा फोरमन हा अंगमेहनती मूर्ख. पेट्यांवरची चित्रं करणारा डिझायनर, ज्याला ते ‘कलाकार’ म्हणत आणि म्हणताना घासात खडा लागल्यासारखं तोंड करत, तो पदवीधर मूर्ख. आणि छापायच्या आधी पेटीवरचा मजकूर वाचून चुका काढणारा मी, तो वाचता येणारा मूर्ख. आपल्यामागे निदान ‘वाचता येणारा’ असं लागतं, याचं मला बरेच दिवस बरं वाटायचं. पुढे कळलं की रेघोबांच्या लेखी त्याने माझा गुन्हा वाढत होता. वाचता येत असूनही मूर्ख!

रेघोबा हे अर्थात पाठीमागचं नाव. तोंडावर सगळे ‘काका’ म्हणायचे.

आम्ही खोकी छापायचो. साबणाची, बल्बची, औषधाच्या गोळ्यांची, बुटाच्या पॉलिशची. माल कुणाचाही असो, पेटीच्या मागे खालच्या कोपऱ्यात काळ्या रेघांचा जो ठोकळा असतो, ज्याच्यावर दुकानातली मुलगी लाल उजेड पाडते आणि ‘टुंग’ असा आवाज येतो, तो बारकोड रेघोबा करायचे. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. जगाचा व्यापार त्या टुंगवर चालतो आणि टुंग आपल्यावर चालतो, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांची खोली कटिंग मशीन आणि मुतारी यांच्या मधे होती. एका बाजूने दर चार सेकंदांनी धप्प, दुसऱ्या बाजूने पाण्याचा आवाज. टेबलावर एक भिंग, एक पोलादी पट्टी आणि लहान इस्त्रीएवढं एक यंत्र. छापलेल्या बारकोडवर ते यंत्र ठेवलं की ते परीक्षा घ्यायचं आणि कागदाच्या चिठ्ठीवर निकाल द्यायचं: पहिला वर्ग, दुसरा, तिसरा, नापास. चौतीस वर्षांत रेघोबांच्या हाताखालून पहिल्या वर्गाच्या खाली एकही बारकोड बाहेर पडलेला नव्हता. याबद्दल त्यांना कुणी शाबासकी दिली नव्हती, कारण याबद्दल कुणाला काही ठाऊकच नव्हतं.

गिऱ्हाइकं यायची ती सगळी त्यांच्याशी भांडायलाच जन्मलेली. एक अगरबत्तीवाले आले आणि म्हणाले, “काका, नंबराच्या शेवटी सात पाहिजे. मला सात लाभतो.”

“तेरा आकडे असतात,” रेघोबा म्हणाले. “शेवटचा आकडा आधीचे बारा मिळून ठरवतात. त्यांची एक बेरीज असते, ती चुकली की यंत्र दाद देत नाही. तो आकडा तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही.”

“मग थोडं इकडेतिकडे करून…”

“तुमच्या मुलाचं वय इकडेतिकडे करता का? नाही ना? मग बसा.”

दुसऱ्या एकाला पेटी लाल हवी होती म्हणून रेघाही लाल हव्या होत्या. “करतो की,” रेघोबा एकदम गोड आवाजात म्हणाले. ते गोड बोलायला लागले की आम्ही काम थांबवून कान द्यायचो. “दुकानातल्या यंत्राचा उजेड लाल असतो. त्याला लाल रेघ म्हणजे कोरा कागद. माल फुकट वाटायचा असेल तर लाल करू. दानशूर दिसता.”

पण हे सगळं किरकोळ. रेघोबांचं खरं युद्ध होतं ते रेघांशी नव्हे, रेघांच्या शेजारी जे काहीच नसतं त्याच्याशी. म्हणजे त्याच्यासाठी. बारकोडच्या दोन्ही बाजूंना थोडी पांढरी जागा मोकळी सोडावी लागते. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. डावीकडची रेघोबांच्या मापाने पावणेचार मिलिमीटर. त्या जागेत टिंबसुद्धा चालत नाही. यंत्राला रेघा कुठे सुरू होतात हे त्या कोऱ्या जागेवरून कळतं.

“रेघा म्हणजे बोलणं,” ते मला एकदा म्हणाले होते. “बोलणं सुरू व्हायच्या आधी सगळे गप्प बसले तरच ते ऐकू येतं. तुमच्या घरी काय पद्धत आहे मला माहीत नाही.”

आता ही पावणेचार मिलिमीटर जागा कोरी ठेवणं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाची जात अशी विचित्र आहे, की कोरी जागा दिसली की तिच्या हाताला खाज सुटते. भिंत कोरी दिसली की खिळा ठोकतील, बाक कोरा दिसला की नाव कोरतील. कलाकाराचा तर तो धंदाच. तो तिथे कधी एक पान सोडायचा, कधी पाण्याचा थेंब, कधी एक निरागस फुलपाखरू.

“अहो कलाकार,” रेघोबा पेटीचा नमुना घेऊन त्याच्या टेबलाशी उभे राहायचे, “हे काय आहे?”

“पान आहे काका. डिझाइनमधून वाहत येतं.”

“मग त्याला सांगा, दुसरीकडून वाहा.”

“काका, तिथे फार रिकामं रिकामं वाटतं हो. डोळ्याला खटकतं.”

“तुमच्या डोळ्यासाठी नाहीये ते. तुमच्या डोळ्याची सोय पेटीच्या बाकी पाच बाजूंवर केलेली आहे. तिथे काय घालायचा तो गोंधळ घाला.”

पान जायचं. पुढच्या पेटीत थेंब यायचा. अशी चौतीस वर्षं. कलाकार बदलले, तीन झाले, पण रेघोबा म्हणायचे की एकच आहे, फक्त दाढी बदलते.

*

एवढा कोऱ्या जागेचा कैवारी माणूस, त्यांच्या घरी मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. मी पलीकडच्याच गल्लीत राहायचो, रविवारी कधीतरी जायचो. दोन खोल्या. कपाटांवर, खाटेखाली, शिलाईच्या मशीनवर रिकामी खोकी. सगळी त्यांच्या बारकोडची. काकूंनी मला खुर्ची देण्याआधी तिच्यावरून बल्बची नऊ खोकी उचलली.

“लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे केर जमवतात.”

“काम आहे ते माझं,” आतून आवाज आला.

“नाव आहे का कुठे त्याच्यावर?”

आतून आवाज आला नाही. काकूंना हे एकच वाक्य लागायचं, आणि ते त्या जपून वापरायच्या.

दुखणं होतं ते हेच. आमच्या छापखान्याची एक रीत होती. पेटी उघडली की आत दुमडायची जी झडप असते, तिच्यावर बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि डिझायनरचं नाव यायचं. गिऱ्हाइकाला चालायचं, कारण झडप उघडून वाचतो कोण? रेघोबा वाचायचे. दुकानात गेले की उगाच एखादी पेटी हातात घेऊन झडप उघडायचे, कलाकाराचं नाव वाचायचे, नाक मुरडायचे आणि पेटी परत ठेवायचे. दुकानदाराला वाटायचं म्हाताऱ्याला माल पसंत नाही.

वर त्यांच्या नशिबी व्याही असा आला, की ज्याचं नाव जिथे तिथे होतं. मुलीचे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या फळ्यावर नाव, घराच्या फाटकावर नाव, बागेत दिलेल्या बाकावर नाव. एवढंच काय, छत्रीच्या मुठीवरसुद्धा नाव. मुलीच्या घरी सगळे जेवायला जमले असताना या गृहस्थांनी वाटी पुढे करत विचारलं, “व्याही, राग मानू नका. पण तुम्ही नेमकं करता काय? म्हणजे रेघा येतात त्या कॉम्प्युटरवर. मग तुम्ही?”

“त्या रेघा मी बघतो.”

“बघता!” व्याह्यांनी सगळ्या पंगतीकडे पाहिलं. शिक्षकाला वर्ग लागतोच. “आणि बघण्याचा पगार मिळतो. वा! आम्ही उगाच शिकवत बसलो.”

सगळे हसले. जावई हसला, मुलगी हसू दाबत उठून गेली. घरी येताना बसमधून उतरताना रेघोबा काकूंना म्हणाले, “एकदा. एकदाच नाव छापलेलं दाखवलं असतं त्या मास्तराच्या नाकासमोर. मग मेलो तरी चाललं असतं.” काकूंनीच हे मला सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत. तेव्हा रेघोबांच्या निवृत्तीला दीड महिना उरला होता.

मी ते मालकांच्या कानावर घातलं. पुढे जे झालं त्याचं मूळ माझ्याकडे येतं ते असं.

*

मालक हा खरोखर मनाने चांगला माणूस. त्यांनी टेबलावर हात आपटला. “चौतीस वर्षं! आणि आपण कधी विचारच केला नाही! निरोपाच्या दिवशी काकांना सरप्राइज. नाव छापायचं. पेटीवर, बाहेरून, सगळ्यांना दिसेल असं!”

शेवटचं मोठं काम साबणाचं होतं. साबणवाल्यांचा साबण पहिल्यांदाच शहरातल्या मोठ्या दुकानांच्या साखळीत जाणार होता. पहिली खेप बारा हजार पेट्या. रेघोबांनी नेहमीप्रमाणे नमुना तपासला, दोन थेंब आणि एक फेसाचा बुडबुडा हाकलून लावला, यंत्र ठेवलं, पहिला वर्ग आला, सही केली.

सही झाल्यावर मालकांनी कलाकाराला बोलावलं. आता नाव घालायचं कुठे? कलाकार म्हणाला झडप नको, तिथे माझं आहे, दाटी होईल. पुढच्या बाजूला साबण. वरती साबणाचं नाव. बाजूंना घटक, वजन, पत्ता. कलाकाराने पेटी गोल गोल फिरवली आणि त्याचा चेहरा उजळला. त्याच्या चेहऱ्यावर इतका शुद्ध आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

“इथे,” तो म्हणाला. “बारकोडच्या डावीकडे. उभ्या ओळीत, खालून वर. त्यांच्या कामाच्या अगदी शेजारी! किती अर्थपूर्ण आहे बघा. आणि नाहीतरी जागा रिकामीच आहे.”

मालकांचे डोळे पाणावले. माझेही, खोटं कशाला सांगू. मग ती पेटी वाचायला माझ्याकडे आली. मी नाव नीट वाचलं. वडिलांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ पाहिला, आडनावाची वेलांटी पाहिली. एकही चूक नव्हती. मी मोठ्या समाधानाने सही केली. सात वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसून, दिवसातून दोनदा त्याचं ‘मोकळी जागा, मोकळी जागा’ ऐकून, माझ्या डोक्यात त्या क्षणी काय होतं? शुद्धलेखन होतं. वाचता येणारा मूर्ख, हे माझं वर्णन मी त्या दिवशी मनापासून स्वीकारलं असतं. पण तेव्हा कळलंच नाही.

फोरमनने बारा हजार पेट्या छापल्या. रेघोबांना त्या बाजूला फिरकू दिलं नाही. ‘काका, शेवटचा आठवडा, आराम करा,’ असं म्हणून त्यांना दोन दिवस जबरदस्तीने घरी बसवलं. काकू म्हणाल्या, ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते.

*

शनिवारी दुपारी निरोप. यंत्रं थांबवली, कागदाच्या थप्प्या बाजूला सारल्या, खुर्च्या मांडल्या. केक आणला. काकू आल्या, मुलगी-जावई आले, आणि मालकांनी मुद्दाम बोलावल्यामुळे व्याहीही आले, छत्रीसकट. मालकांनी भाषण केलं. मग त्यांनी तबकावरचा रुमाल उचलला आणि ती पेटी रेघोबांच्या हातात दिली.

“वाचा काका. मोठ्याने वाचा.”

रेघोबांनी पेटी फिरवली. चष्मा वर ढकलला. वाचलं. मोठ्याने नाही. नुसते ओठ हलले. मग व्याह्यांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि हजेरी घेतल्यासारखं ते संपूर्ण नाव खणखणीत वाचलं, वडिलांच्या नावासकट. टाळ्या झाल्या. “अहो व्याही, नाव आलं की तुमचं! बारा हजार पेट्यांवर! माझं तर बाकावर एकदाच आहे!”

मी रेघोबांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्या चेहऱ्यावरून तुच्छता गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. ती गेल्यावर खाली एक साधासुधा, जरा बावळट म्हातारा निघाला. एक मिनिट. जास्तीत जास्त दीड. त्या मिनिटात त्यांनी केकचा एक तुकडा खाल्ला, जावयाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि पेटी परत हातात घेतली.

मग त्यांचा हात खिशातल्या भिंगाकडे गेला. परत आला. पुन्हा गेला.

“यंत्र आणा,” ते म्हणाले.

“काका, आज कसलं यंत्र?” मालक म्हणाले.

“माझ्या टेबलावर आहे. आणा.”

कुणीतरी आणलं. केकच्या शेजारी पेटी सपाट करून त्यांनी यंत्र तिच्यावर ठेवलं. चिठ्ठी बाहेर आली. ती त्यांनी वाचली आणि व्याह्यांच्या हातात दिली. “वाचा मास्तर. मघासारखं मोठ्याने वाचा.”

“नापास,” व्याह्यांनी वाचलं. आयुष्यभर हा शब्द दुसऱ्यांना ऐकवलेला माणूस, पण या वेळी त्यांचा आवाज चिरकला.

कलाकार हळूच म्हणाला, “काका, तेवढीच एक जागा रिकामी होती.”

“आणि हे तपासलं कुणी?”

“मी,” मी म्हणालो.

“काय तपासलंत?”

“नावाचं शुद्धलेखन.”

“बरोबर होतं?”

“अगदी बरोबर.”

“शाबास,” रेघोबा म्हणाले. मग ते सगळ्यांकडे वळले. “चौतीस वर्षं मी तुम्हाला मूर्ख म्हणत आलो. कधीकधी घरी गेल्यावर वाटायचं, आपण जरा जास्तच बोलतो. लोक वाईट नाहीत. आज माझं मन स्वच्छ झालं. मी एक शब्द जास्त बोललो नव्हतो.”

“काका, राहू दे हो!” मालक काकुळतीला आले. “सोमवारी दहाला साबणवाल्यांचा ट्रक येणार. पुन्हा छापायला हा पुठ्ठा शिल्लक नाही, मागवायला चार दिवस. दुकानात पहिल्यांदा नाही वाजलं तर दुसऱ्यांदा वाजेल. तिसऱ्यांदा तरी वाजेलच ना?”

“तिसऱ्यांदा! आणि मागे रांगेत उभा असलेला माणूस तोपर्यंत काय करेल? शिव्या देईल. आजवर कुणाला द्यायच्या हे त्याला माहीत नव्हतं. तुम्ही नाव छापून सोय केलीत.”

व्याह्यांनी त्यांना जरा बाजूला घेतलं. मी जवळच होतो, ऐकू आलं. “व्याही, ऐका माझं. एवढं नाव आलंय तर राहू द्या. कोण बघायला बसलंय?”

“यंत्र बघतं,” रेघोबा म्हणाले.

मालकांनी शेवटचा उपाय काढला. या पेट्यांचं काहीतरी करू, पण पुढच्या खेपेला नाव झडपेवर घालू, कलाकाराच्या वर. रेघोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मालक मागे सरले. “पुढच्या खेपेला मी इथे नसेन. न केलेल्या कामावर नाव लावायला मी काय कलाकार आहे?”

मग त्यांनी पाठीमागे हात बांधून खोलीत दोन चकरा मारल्या आणि फोरमनला विचारलं, “पांढरा चिकट कागद आहे? जाड. खालचं अक्षर वर दिसणार नाही असा.”

*

रविवारी सकाळी आम्ही आठ जण छापखान्यात लांब टेबलाभोवती बसलो. कटिंग मशीनवर पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापल्या होत्या. प्रत्येक पेटीवर रेघोबांचं नाव, त्याच्यावर एक पट्टी. इकडे नावाचा एक काना बाहेर राहिला तर नापास, तिकडे पट्टी पहिल्या काळ्या रेघेवर केसभर चढली तर नापास. बारा हजार.

काकू आल्या होत्या, मुलगी आली होती. आणि दहाच्या सुमाराला दारात व्याही उभे. छत्री कोपऱ्यात ठेवून म्हणाले, “काल मीच राहू द्या म्हणालो. घरी गेल्यावर मला ते बरं वाटेना. काय करायचं असतं?”

“तुम्हाला जमायचं नाही,” रेघोबांनी मान वर न करता सांगितलं.

मुख्याध्यापकाला हे ऐकायची सवय नव्हती. ते बसले. त्यांच्या पहिल्या पन्नास पेट्या रेघोबांनी एकेक करून बघितल्या. “ही नापास. ही नापास. ही चढली. ही तिरकी. मास्तर, तुमच्या शाळेत मुलं समास तरी सोडायची का?”

“समास सोडला नाही तर मी वही फेकायचो,” व्याही ताठ होत म्हणाले.

“मग मला काय विचारत होतात, मी काय करतो म्हणून?”

व्याह्यांचा हात पट्टीसकट हवेत थांबला. त्यांनी पेटी डोळ्यांजवळ नेली. रेघा बघितल्या, शेजारची पांढरी जागा बघितली, पुन्हा रेघा बघितल्या. मग भिंग मागून घेतलं आणि कामाला लागले. दुपारपर्यंत ते इतरांच्या पेट्या नापास करायला लागले होते. कलाकाराच्या चाळीस पेट्या त्यांनी एका दमात परत केल्या. “तिरकी! पुन्हा तिरकी! ही कसली बेफिकिरी?” कलाकार पुटपुटला की थोडं तिरकं डोळ्याला बरं वाटतं. त्यावर दोन्ही म्हातारे एकदम असे वळले, की तो पुढचे दोन तास तोंडाला पट्टी चिकटल्यासारखा बसला.

काकूंनी नाव असलेली एक पेटी हळूच पिशवीत सरकवली. रेघोबांनी बघितलं.

“ती बाहेर काढ.”

“अहो, एक राहू दे घरी. इतकी खोकी आहेत, त्यात एक.”

“नापास माल घरात ठेवायचा नाही.”

“मग तुम्ही कुठे राहणार?” काकू म्हणाल्या.

टेबलाभोवती आम्ही सगळे खाली मान घालून हसलो. रेघोबासुद्धा हसले असावेत, कारण ते तोंड फिरवून खोकले. पण पेटी त्यांनी परत घेतली. तिच्यावरची पट्टी त्यांनी स्वतः लावली आणि ती किंचित तिरकी लागली. दिवसभरात त्यांचा हात तेवढा एकदाच चुकला. ती उचकटून त्यांनी दुसरी लावली, बोटाने दाबली, थोडा जास्त वेळ दाबली आणि पेटी थप्पीत टाकली.

संध्याकाळी घरी जाताना आठशे पेट्या उरल्या. सोमवारी सकाळी आठला मी गेलो तर दोघे व्याही आधीच येऊन बसलेले, पट्ट्या लावत. साडेनऊला शेवटची पट्टी लागली. रेघोबांनी थप्प्यांतून मधूनच पंचवीस पेट्या ओढून काढल्या आणि यंत्राखाली घातल्या. पंचवीसही चिठ्ठ्या पहिल्या वर्गाच्या. व्याह्यांनी त्या टाचणीने एकत्र टोचून फाइलला लावल्या. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

दहाला साबणवाले ट्रक घेऊन आले. पेटी हातात घेतली, पुढून बघितली, खूश झाले. मागून बघितली आणि त्यांचा अंगठा त्या पांढऱ्या पट्टीवर थांबला.

“हे काय? इथे एवढी जागा मोकळी सोडलीत?” ते मालकांना म्हणाले. “अहो, पैसे मोजतो आम्ही पूर्ण पेटीचे. इथे काहीतरी टाकायचं होतं. ‘नवीन’ टाका. किंवा एखादं फूल.”

मालकांनी कलाकाराकडे बघितलं. कलाकार फुलाच्या विचारात पडलेला दिसला. रेघोबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी व्याही खुर्ची सारून उभे राहिले.

“ती जागा राहिलेली नाही, ठेवलेली आहे,” ते वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाले. “यंत्राला कळायला लागते. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, तुमचा साबण विकला जाईल. पेटी खाली ठेवा, हात ओले आहेत तुमचे.”

साबणवाल्यांनी पेटी खाली ठेवली. हात शर्टाला पुसले. मग मान वर करून विचारलं, “आपण कोण?”

व्याह्यांनी फाटकावरचं नाव सांगितलं नाही, शाळेचंही सांगितलं नाही. त्यांनी अंगठ्याने मागे रेघोबांकडे दाखवलं.

“मी यांच्या हाताखाली आहे.”

रेघोबा भिंग पुसत होते. “कालपासून,” ते म्हणाले. “अजून कच्चे आहेत.”